सुभेदारीणबाईंचे शब्दार्थ

गुप्ता आंटींनी मला लिफ्टमध्ये गाठलं आणि विचारलं, "भाई साहब, आप तो पुणे साइड के हैं ना? ये फोकली माता का मंदिर पुणे से कितना दूर पड़ेगा?"

दोन मजले चढेपर्यंत माणसाला जेवढा विचार करता येतो तेवढा मी केला. महाराष्ट्रातल्या आठवतील तेवढ्या देव्या मनातल्या मनात रांगेत उभ्या केल्या. त्यांत ही नव्हती.

"कौन सी माता?"

"फोकली माता. सातारा वाली. जिनके बच्चों को फोकलीच्या बोलते हैं." हे म्हणताना आंटींनी हात जोडले. शेवटच्या 'च्या'वर तर डोळेही मिटले.

हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला तो माझ्या मामाच्या तोंडून, स्कूटर किकने सुरू होईना तेव्हा. मामाने तो स्कूटरला उद्देशून वापरला होता आणि त्यात भक्तिभाव औषधालाही नव्हता. "पता करके बताता हूँ," असं सरकारी उत्तर देऊन मी चौथ्याऐवजी तिसऱ्याच मजल्यावर उतरलो.

मी ऑडिटमध्ये आहे. संशय घेण्याचा मला दरमहा पगार मिळतो, आणि ऑफिसात उरलेला संशय मी डब्यात घालून घरी आणतो, असं माझी बायको नीता म्हणते. कोणी साधा नमस्कार केला तरी 'याला आधार काय' असा प्रश्न माझ्या चेहऱ्यावर उमटतो म्हणे. दिल्लीतलं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही गाझियाबादच्या या सोसायटीत नुकतेच राहायला आलो होतो. गुप्ता आंटींच्या डोक्यात ही माता कोणी घातली, हे कळल्याशिवाय मला जेवण जाणार नव्हतं.

शोध फार लांब न्यावा लागला नाही. तळमजल्यावर सुभेदारीणबाई राहत होत्या.

बाई ठेंगण्या, सत्तरीच्या आसपासच्या. अंगावर सहावारी, तिच्यावर नवऱ्याचा हिरवा फौजी स्वेटर, कोपरांना ठिगळं, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. जन्म साताऱ्याकडच्या खेड्यातला आणि संसार सगळा छावण्यांमधला, त्यामुळे आमच्याशी त्या गावाकडची मराठी बोलत आणि बाकी जगाशी अशी हिंदी, की जिच्यात प्रत्येक वाक्य हुकूमच असे. भाजीवाल्याने मटार तोलले की त्या मधलीच एक शेंग उचलून सोलत, एक दाणा चावत आणि "फेल" म्हणत. भाजीवाला मुकाट्याने दुसरी टोपली काढी. दारावर काही विकायला आलेल्या माणसाला त्या आधी त्याच्या आईचं नाव विचारत. "जो आईचं नाव सांगाया अडखळतो, त्याच्याकडनं मिक्सर घिऊ ने," हा त्यांचा सिद्धांत. तो मी नंतर एका ठेकेदारावर वापरून पाहिला. ठेकेदाराने आईचं नाव खणखणीत सांगितलं आणि बिल मात्र खोटंच निघालं.

थंडीत ऊन पार्कात उतरलं की बाई चाकाची खुर्ची ढकलत बाहेर येत. खुर्चीत सुभेदार. मोठा देह, एक बाजू लुळी, मिशा पांढऱ्या आणि ताठ. अर्धांगवायूने त्यांची वाचा नेली होती. सगळी नव्हे. पाच-सहा शब्द मागे राहिले होते, आणि ते सगळे, कसं सांगू, मामाच्या स्कूटरचे होते.

हे मला कळलं दुधवाल्यामुळे. एका सकाळी मी मेट्रो पकडायला निघालो होतो, तेवढ्यात तळमजल्याच्या खिडकीतून घोगरा, दमदार आवाज आला, "ए भाड्या!"

गाझियाबादेत सकाळी सकाळी मराठी! पहिल्यांदा ऊर भरून आला आणि मग अर्थ डोक्यात पोचला. मी खिडकीकडे पाहिलं, मग दुधवाल्याकडे. आता हाणामारी होणार म्हणून मी ऑफिसची बॅग छातीशी धरली. दुधवाल्याने किटली खाली ठेवली, खिडकीकडे तोंड करून कमरेत वाकला आणि म्हणाला, "राम राम बाबूजी. जी, आ गया मैं. टाइम पे आया हूँ आज."

"भाड्या," आतून आवाज आला. या वेळी मऊ.

"बस आपका आशीर्वाद है."

मी त्याला गेटपाशी गाठलं. त्याला मराठीतलं काय समजतं ते चाचपून पाहिलं. तो अभिमानाने सांगू लागला, "साहब, भाड्या माने जो माल टाइम पे पहुँचाए." मग त्याने मला पूर्ण कथा ऐकवली. घाटात मिठाच्या गोण्यांचे बैल थकून बसले. मालक पळून गेला. भाड्याने आणलेला एक गडी मात्र गोणी स्वतःच्या पाठीवर घेऊन रातोरात गडावर चढला. राणीसाहेबांनी विचारलं, तू कोण? तो म्हणाला, बाईसाहेब, मी नुसता भाड्याचा. राणीसाहेबांनी स्वतःच्या हातातलं कडं काढून त्याला दिलं आणि म्हणाल्या, आजपासून हे नाव शूराचं. "आप लोगों में तो बहुत इज़्ज़त का शब्द है ना?" त्याने विचारलं.

"बहुत," मी म्हणालो. माझी मेट्रो गेली होती.

त्यानंतर मी रीतसर चौकशी सुरू केली. खुर्चीत बसलेल्या सुभेदारांना रोज कोणी ना कोणी भेटत होतं, सुभेदार त्यांना एकेक शब्द अर्पण करत होते आणि मंडळी तो प्रसादासारखा घेत होती. गुप्ता आंटींच्या वाट्याला फोकली माता आली होती. ही देवी हातात बारीक लवलवता फोक घेऊन लेकरांची राखण करते, वाईट नजर दिसली की सपकन ओढते, म्हणून तिच्या छायेतल्या माणसाला फोकलीचा म्हणायचं. आंटींच्या सुनेला दिवस राहिले होते आणि त्यांना मातेच्या दर्शनाला जायचं होतं. सुभेदारांचा व्यायाम घ्यायला येणारे फिजिओथेरपिस्ट डॉक्टर फैजान, त्यांना सुभेदार 'हलकट' म्हणत. पूर्वी फौजेत मोडलेलं हाड बसवणारे वैद्य असत. त्यांतला ज्याचा हात इतका हलका, की शिपायाला हाड बसल्याचं दुसऱ्या दिवशी कळे, तो हलकट. डॉक्टर फैजान एवढे खूश झाले की त्यांना हा किताब दवाखान्याच्या बोर्डावर घालायचा होता. देवनागरीत कसा लिहायचा हे ते माझ्याकडे विचारायला आले. मी काही बोलायच्या आत बाई मागून म्हणाल्या, "बोर्ड पर नहीं लिखने का डॉक्टरसाब. नज़र लगता है. मुँह से सुनने का बस."

हे ऐकलं आणि माझ्यातला ऑडिटर ताठ झाला. ज्याला आपल्या अर्थाची खात्री आहे तो बोर्डाला घाबरत नाही.

शिवाय दोन गोष्टी मला खटकत होत्या. एक म्हणजे, प्रत्येक अर्थ ज्याला सांगितला त्याला अगदी मापाने शिवल्यासारखा बसत होता. दुधवाल्याला वेळेचा, डॉक्टरला हाताचा, आंटींना देवीचा. दुसरं म्हणजे, बाई स्वतः तो शब्द कधीच उच्चारत नसत. "त्यो सबुद" म्हणत. आधी पदराने चष्मा पुसत, तो उन्हाकडे धरून बघत, आणि मग "आमारे सातारा में क्या है" अशी सुरुवात करत. चष्मा पुसायला लागणारा वेळ हा मला कथा जुळवायला लागणारा वेळ वाटे.

माझ्याशी तर त्यांचं वागणं फारच संशयास्पद होतं. दिल्लीत कुठे मराठी कानावर पडली की माणसं एकमेकांवर झडप घालतात. मेट्रोत दोन स्टेशनांत गाव निघतं, तिसऱ्याला मामेबहिणीची नणंद. मी पार्कात जाऊन "नमस्कार काकू, आम्ही चौथ्या मजल्यावर" म्हणालो, तेव्हा बाईंनी मला मटारच्या शेंगेसारखं पाहिलं.

"मराठी बोलता, का समजती बी?"

"दोन्ही."

"समदी समजती?"

"बऱ्यापैकी."

"कामधंदा?"

"ऑडिटमध्ये आहे."

त्यांनी खुर्चीचा ब्रेक काढला, खुर्ची जागच्या जागी वळवली आणि "ऊन लागतंय त्यास्नी" म्हणत निघून गेल्या. ढगाळ होतं.

मग माझे अंदाज सुरू झाले. आधी वाटलं, बाई भोळ्या आहेत, त्यांना खरंच माहीत नाही. हा अंदाज बोर्डाच्या प्रसंगात मेला. मग वाटलं, त्या उत्तरेकडच्या लोकांची मजा घेतायत, घरी जाऊन खोखो हसत असतील. मग असंही वाटून गेलं, की सुभेदारांना सगळं बोलता येत असेल, दोघं मिळून काही तरी करतायत. नीताने विचारलं, "काय करतायत? शिव्या देऊन सोसायटीचं पार्किंग बळकावतायत?" मी म्हटलं, अशी प्रकरणं लहान दिसतात आणि खोदलं की मोठी निघतात. ती म्हणाली, "खोदायचंच असेल तर कुंड्यांतली माती मोकळी करा."

या सगळ्यात गाफील सापडलो तो मात्र मीच. आमची सई अकरा वर्षांची, जन्म दिल्लीचा. तिची मराठी 'आई, मी बोर होतेय, चलो ना' एवढ्यावर चालते. उंबरठा म्हटलं तर ती माझ्याकडे बघते. ती बाईंकडे जाऊन बसायला लागली, तेव्हा चार नवे मराठी शब्द कानी पडतील म्हणून मला बरं वाटलं होतं.

ते पडले. त्याच आठवड्यात नीताच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि व्हिडिओ कॉलवर त्या वॉकर सोडून चार पावलं चालून दाखवत होत्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. सईचे डोळे भरून आले.

"आजी, यू आर सो ब्रेव्ह," ती म्हणाली. "तू ना, खरी फोकलीची आहेस!"

पलीकडचं चित्र हलेना. मला वाटलं नेटवर्क गेलं. नेटवर्क होतं.

"नीता," आजी बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "जावईबापूंना जरा फोनवर दे."

चौदा वर्षांच्या संसारात सासूबाईंनी माझ्यावर घेतलेला हा पहिला उघड संशय, आणि तो अत्यंत अन्यायाचा होता. फोन झाल्यावर मी चपला घातल्या आणि तळमजल्यावर गेलो. जाब विचारायचा, असं ठरवूनच.

बाई सुभेदारांना पेज भरवत होत्या. चमचा तोंडाशी नेला की सुभेदार "च्यायला" म्हणत आणि तोंड उघडत. तो त्यांचा होकार होता हे मला तिथे उभ्या उभ्याच कळलं. दुसऱ्यांदा वेगळ्या सुरात म्हणाले, तेव्हा बाईंनी पेजेत मीठ घातलं. तिसऱ्यांदा माझ्याकडे बघून म्हणाले, आणि बाई म्हणाल्या, "बसा. बसा म्हणत्यात."

मी बसलो. जाब घशात तसाच होता.

"काकू, आमच्या सईला तुम्ही..."

"चुकलंच माजं," त्या म्हणाल्या. "लेकराला न्हवतं सांगाया पायजे. त्या गुप्ताबाईला सांगत हुते, ही बाजूला बसली हुती. आता तुमी सोसायटीत समद्यांस्नी सांगणार, न्हवं का? मला पयल्या दिशीच वाटलं हुतं. मराठी बी हाय आन ऑडिट बी हाय."

त्यांनी चष्मा पुसला नाही. या खेपेला कथा नव्हती.

"मिलिटरीच्या दवाखान्यात डॉक्टरीण हुती, लई गुनी पोरगी," त्या सांगू लागल्या. "ती म्हनली, आजी, मेंदूत बोलायची खोली जळली. शिव्या बाजूच्या खोलीत असत्यात, त्या वाचल्या. जे उरलंय ते वापरात ठेवा. त्यास्नी बोलू द्या, आन कुनीतरी समोरनं उत्तर द्या. उत्तर मिळालं न्हाई की मानूस गप व्हतो, आन गप झाला की ह्ये बी जातं."

"मग?"

"मग काय. आमी तवा छावनीतच ऱ्हायाचो. आजूबाजूला समदी आपलीच मानसं, कोल्हापूर, सांगली, सातारा. त्यास्नी बाहेर घिऊन बसले की बायका लेकीबाळींस्नी उठवून न्यायच्या. त्यांचं तरी काय चुकलं? तोंड उघडलं की शिवीच यायची. गडीमानसं यायची, हसायची, 'सुभेदार, आजून एक' म्हनायची. ह्यास्नी समजतंय की समदं. ह्ये गप झाले. समदा पावसाळा गप. एक सबुद न्हाई. मला वाटलं गेलं. मग पोराचं ह्ये घर हुतं गाझियाबादला, कुलूप लावलेलं. म्हनलं चला, जितं कुनाला मराठी येत न्हाई तितं जाऊ. हितं आले आन दुधवाल्याला बघून पयला सबुद निघाला. त्यो चिडून म्हनला, क्या बोला? मी म्हनलं, आशीर्वाद दिला तुला." त्यांनी पेजेची वाटी खाली ठेवली. "तवापासनं जिभंला हाड न्हाई माज्या. काय काय बोलले, राणी काय, गड काय. पर लोक उत्तर देत्यात, ऑडिटसायेब. 'जी बाबूजी' म्हनत्यात. तेवढ्यावर ह्ये दुसरा सबुद बोलत्यात. सांगा आता, सांगायचं तर."

"भाड्या," सुभेदार माझ्याकडे बघून म्हणाले, मोठ्या आस्थेने.

आयुष्यात मला कोणी असं म्हटलं तर काय उत्तर द्यायचं, याचा विचार मी केला नव्हता. "जी," मी म्हणालो. "टाइम पे आया हूँ." घरी येऊन नीताला सांगितलं, चौकशी बंद. ती म्हणाली, "निष्कर्ष?" मी कुंड्यांतली माती मोकळी करायला बाल्कनीत गेलो.

पण चौकशी माझ्या एकट्याच्या हातात नव्हती. पंधरवड्यानंतर सोसायटीचे सेक्रेटरी त्यागीजी यांनी मला ऑफिसात बोलावलं. त्यागीजी मूळचे इथलेच, चार पिढ्या गाझियाबाद. त्यांनी दार लावून घेतलं, हीटर माझ्याकडे वळवला, चहा मागवला. एवढं आदरातिथ्य म्हणजे गडबड, हे मला व्यवसायामुळे ठाऊक आहे.

"भाई साहब, एक बात पूछनी थी. सूबेदार साहब मुझे रोज़ एक शब्द बोलते हैं. रांडेच्या." त्यांनी उच्चार अगदी स्वच्छ केला. "माताजी बोलती हैं, रण से बना है. रणभूमि का बेटा. मेरा भांजा पुणे में नौकरी करता है, वो कुछ और बोल रहा है. आप मराठी हैं, सरकारी आदमी हैं, ऑडिट में हैं. आप झूठ नहीं बोलेंगे. बताइए, क्या मतलब है?"

चहा आला. मी तो उगाच फुंकला. डोळ्यांसमोर पार्क आला, उठून जाणाऱ्या बायका आल्या, गप्प बसलेले सुभेदार आले. माझ्याकडे पुसायला चष्मा नव्हता.

"एक नदी है," मी म्हणालो.

"नदी?"

"रांडा नदी. सातारा में. उसके किनारे के लोग बहुत... उपजाऊ होते हैं. मतलब ज़मीन."

"अच्छा. नक़्शे पर दिखाइए." त्यांनी फोन पुढे केला.

"नक़्शे पर नहीं आती. छोटी है. सूखी रहती है."

"सूखी नदी के किनारे उपजाऊ ज़मीन?"

"बारिश में," मी म्हणालो आणि घाम पुसला. हीटर खरंच जवळ होता.

त्यागीजी माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांच्या पोटाला हादरे बसू लागले. ते एवढे हसले की टेबलावरचा चहा बशीत आला.

"भाई साहब, आप ऑडिट में ही ठीक हैं. माताजी आपसे सौ गुना अच्छा बनाती हैं. अरे, ये शब्द तो मेरठ तक चलता है! और हम तो गाज़ियाबाद के हैं, हम गाली शब्द से थोड़ी पहचानते हैं, सुर से पहचानते हैं. पहले दिन से पता है."

"किसको किसको?"

"सबको. दूधवाले को, डॉक्टर को, गार्ड को. गुप्ता आंटी को छोड़ के. वो सच में मानती हैं, मन्नत माँग रखी है, उनको रहने दीजिए."

"मग मला... फिर मुझे क्यों बुलाया?"

"शक तो हमें आप पर था!" त्यागीजी म्हणाले. "जब से आप आए हैं, सबकी नींद उड़ी हुई है. ये आदमी हर किसी से पूछता घूम रहा है, भाड्या माने क्या, हलकट माने क्या. ये किसी दिन माताजी के मुँह पर बोल देगा कि सब झूठ है. मीटिंग तक हुई है आपके ऊपर. फिर तय हुआ कि पहले टेस्ट कर लेते हैं." त्यांनी माझा हात दाबला. "माताजी को मत बताना कि हमें पता है. कितनी मेहनत से बनाती हैं बेचारी."

मी बाहेर आलो. एवढा वेळ मी सोसायटीचं ऑडिट करत होतो आणि सोसायटी माझं करत होती. त्यांचा अहवाल माझ्यापेक्षा आधी तयार झाला होता.

पुढची दोन वर्षं मी पार्कात बेशक बसलो. त्यागीजी मुद्दाम विचारत, "माताजी, आज का शब्द नया था, इसका मतलब?" बाई चष्मा पुसत. मंडळी पुढे सरकत. गुप्ता आंटींना नातू झाला, त्यांनी पेढे वाटले आणि नातवाच्या कानाशी फोकली मातेचं नाव घेतलं. तेव्हा मात्र बाई तोंडाला पदर लावून खूप वेळ खोकत राहिल्या. सुभेदार एकच शब्द दहा सुरांत बोलत. सई तर त्यांच्याशी शाळेतल्या मैत्रिणींची भांडणं बोले आणि ते योग्य जागी योग्य त्या माणसाला "हलकट" म्हणत.

मग सुभेदारांच्या मुलाची बदली झाली. फौजेतला मुलगा आता पुण्याला आला होता आणि आईवडिलांना गावी, साताऱ्याला ठेवणार होता. तिथे चुलते होते, पुतणे होते, अंगण होतं. सोसायटीत सगळ्यांना वाईट वाटलं आणि आनंदही झाला. "अपने लोगों में जा रही हैं," गुप्ता आंटी सगळ्यांना सांगत होत्या.

बाई सामान बांधत होत्या. मी दारात उभा राहिलो.

"भाग्य म्हणायचं काकू. शेवटी आपली माणसं."

"व्हय," त्या म्हणाल्या. दोरीची गाठ मारताना त्यांचे हात थांबले. "पर तितं समद्यांस्नी मराठी येती."

निजामुद्दीन स्टेशनवर पोचवायला मी गेलो होतो. साताऱ्यावरून जाणारी गाडी, त्यामुळे डबा सगळा आपल्याकडच्या बोलीने भरलेला. एरवी मी सुखावलो असतो. मुलगा आणि मी सुभेदारांना उचलून खिडकीपाशी बसवलं, मग मुलगा दुसऱ्या खालच्या बर्थसाठी टीसीला शोधायला गेला. बाई पिशव्या बाकाखाली सरकवत होत्या. तेवढ्यात समोरच्या जागेचा माणूस आला. पन्नाशीचा, जाडजूड, डोक्यावर टोपी, दोन्ही हातांत बोचकी. त्याने एक बोचकं वर टाकायला उचललं आणि ते निसटून थेट सुभेदारांच्या गुडघ्यावर आलं.

"रांडेच्या!"

वरच्या बर्थवरच्या मुलीने कानातलं गाणं काढलं. शेजारच्या बाईने पोराला जवळ ओढलं. टोपीवाल्याचं तोंड लाल झालं आणि तो वळला. गाझियाबादेत अशा वेळी 'जी बाबूजी' येत असे. इथे प्रत्येकाला नीट, मुळासकट समजलं होतं.

मी तोंड उघडलं. "अहो, तो शब्द मुळात असा आहे, की साताऱ्याला एक नदी..."

"ऱ्हाऊ द्या, ऑडिटसायेब," बाई म्हणाल्या. त्यांनी माझा दंड धरून मला बाजूला केलं आणि टोपीवाल्यासमोर उभ्या राहिल्या. त्याच्या खांद्याला लागत होत्या जेमतेम.

"शिवीच हाय ती, बाबा," त्या म्हणाल्या. "लकव्यानं बाकीचं समदं बोलनं नेलं त्यांचं. एवढ्याच ऱ्हायल्यात. तुला म्हनून न्हाई दिली. त्यांच्यापाशी दुसरं काय न्हाईच."

टोपीवाला बाईंकडे बघत राहिला, मग सुभेदारांकडे. लुळा हात त्याला दिसला असावा. त्याने बोचकं उचलून खाली ठेवलं आणि हळूच समोर बसला. सुभेदारही त्याच्याकडे बघत होते, ओठ मिटून. बाईंनी बाकाची कड घट्ट धरली होती.

"आजी," टोपीवाला म्हणाला, "ऱ्हाग न्हाई ना येनार तुमास्नी?"

"कशाचा?"

तो पुढे वाकला. सुभेदारांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि घसघशीत आवाजात म्हणाला, "काय रांडेच्या, कुटवर निगाला?"

सुभेदारांच्या मिशा थरथरल्या. मला वाटलं संपलं. तेवढ्यात त्यांच्या चांगल्या बाजूच्या गालाला सुरकुती पडली, छातीतून घरघर वर आली, आणि तिच्यापाठोपाठ एक नवीकोरी शिवी आली, जी मी दोन वर्षांत त्यांच्या तोंडून एकदाही ऐकली नव्हती. बाईंनीही नसावी. त्या दचकून त्यांच्याकडे बघत होत्या.

"हात्तिच्या, सातारा?" टोपीवाला म्हणाला. "मी कराडचा की."

शिट्टी झाली. मुलगा धावत डब्यात चढला, मी खाली उतरलो. गाडी हलली तेव्हा हात करायला म्हणून मी खिडकीशी गेलो. काचेतून आवाज येत नव्हता. समोरासमोर बसून दोघांची तोंडं जोरजोरात चालली होती, वरची मुलगी उशीत तोंड खुपसून हसत होती, आणि बाई, माझ्याकडे पाठ करून, डब्यातली भाकरी मोडून आधी कराडच्या माणसाला देत होत्या.